आराखड्यात सगळं आहे, जमीन सोडून

ऑक्टोबर आला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्रामसभेची नोटीस फिरते. विषय : पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा. खाली नमस्काराचे हात, चार अंगठे आणि भांडुप-नालासोपाऱ्याहून कुणाचा तरी दरवर्षीचा सवाल, "आमच्या वाडीच्या पाखाडीचं काय झालं?" (पाखाडी म्हणजे वाडीतली दगडी पायवाट.) मग सभा होते, कामं सुचवली जातात, आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो आणि गावाचं पुढचं ठरलं असं आपण धरून चालतो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही कुणा एका सरपंचाची तक्रार नाही. गावाचे गेल्या काही वर्षांचे आराखडे पोर्टलवरून उतरवून सलग वाचले. पाखाडी, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, स्मशानशेड, अंगणवाडीची रंगरंगोटी, विहीर दुरुस्ती, संरक्षक भिंत, पुन्हा पेव्हर ब्लॉक. कामं वाईट नाहीत. आषाढाच्या पावसात गावात कुणी गेलं आणि शेड नसली की काय हाल होतात ते ज्यानं पाहिलंय तो स्मशानशेडला हसणार नाही. पण याच वर्षांत आमच्या सड्यावरची (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या कातळाचं पठार) केवढी तरी जमीन प्लॉटिंगवाल्यांकडे गेली, जेसीबीनं डोंगराच्या अंगावर लाल रस्ते काढले आणि एका वाडीचा बारमाही झरा शिमग्याच्या आधीच आटायला लागला. आराखड्यात यातल्या कशाचाही, एका ओळीचाही उल्लेख नाही. वाण्याकडे पाठवायची यादी असावी तसा तो कागद आहे. काय काय आणायचं ते लिहिलंय, घर कुठं चाललंय ते कुणाला विचारलेलंच नाही.

हे एकट्या आमच्या गावाचं असतं तर फेसबुकवर लिहिलं नसतं. तुमच्या गावाचा आराखडाही उघडून बघा.

आता पद्धत म्हणून पाहिलं तर कागदावर सगळं फार छान आहे. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींना आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायाच्या योजना करण्याचं काम दिलं. अकराव्या अनुसूचीत 29 विषय लिहिले. केरळनं 1996 मध्ये लोकयोजना मोहीम काढून राज्याच्या योजना निधीतला तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला. आपल्याकडे खरी हालचाल झाली ती 14 व्या वित्त आयोगानं 2015 ते 2020 या काळासाठी देशभरातल्या ग्रामपंचायतींना 2 लाख कोटींहून जास्त रक्कम थेट द्यायचं ठरवल्यावर. थेट पैसे यायचे तर आराखडा हवा. मग 2015 मध्ये महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' सुरू झालं. त्यात प्रभातफेरी आहे, शिवारफेरी आहे, महिलांची वेगळी सभा आहे, गावातल्या जाणकारांचा संसाधन गट आहे. ज्यानं ही रचना लिहिली त्याला गाव कळत होतं, हे मी मनापासून म्हणतो.

मग पैसा आला आणि त्याच्याबरोबर चौकटी आल्या. 15 व्या वित्त आयोगात 2021-22 ते 2025-26 साठी 60 टक्के निधी बंधित झाला, म्हणजे अर्धा स्वच्छतेला आणि अर्धा पाण्याला. उरलेला 40 टक्के अबंधित. महाराष्ट्रात आलेल्या निधीचा 10 टक्के जिल्हा परिषदेला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 80 टक्के ग्रामपंचायतीला. आता वाड्यावाड्यांत विखुरलेल्या कोकणातल्या गावात अबंधित रकमेतून किती पाखाड्या होतील याचा हिशेब कुणीही करू शकतो. त्यामुळे सभेत भांडण होतं ते वरच्या वाडीची पाखाडी आधी की खालच्या वाडीची यावर. गाव वीस वर्षांनी कसं असावं यावर भांडण होत नाही, कारण त्या प्रश्नाला त्या तक्त्यात रकानाच नाही.

आणि सभा तरी कशी होते? कायद्याप्रमाणे गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली जी कमी असेल ती. ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही पळवाट नव्हे, राजमार्ग झालाय. मी ग्रामसेवकांना (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात भाऊसाहेबच) फार दोष देत नाही. त्यांच्याकडे दोन-दोन गावं असतात, पोर्टलची मुदत असते आणि नेट नसतं. माणूस मागच्या वर्षीची फाइल उघडून साल बदलेल नाही तर काय करेल?

काम झालं ते वाडीत बसल्यावर. गेल्या वर्षी आमच्यातल्या काही जणांनी ग्रामसभेच्या आधी वाडीवार बैठका घ्यायच्या असं ठरवलं. रात्री जेवणं उरकल्यावर, कुणाच्या तरी पडवीत. ग्रामसभेत कधी तोंड न उघडणाऱ्या बायका तिथं बोलल्या. एक काकी म्हणाल्या, "लाईट रस्त्यावर नको, विहिरीवर लावा. पहाटे पाण्याला आम्ही जातो, रस्त्यावर रात्री कोण असतं? कुत्री." दुसरीनं झऱ्याचा विषय काढला. सड्यावर प्लॉट पाडायला कातळ फोडला, बोअर मारल्या आणि त्याच्यानंतर दोन पावसाळ्यांतच झरा मंदावला. तिला भूजलशास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण ती बरोबर बोलत होती. जांभ्याचा सडा पावसाचं पाणी फटीभेगांतून आत घेतो आणि डोंगराच्या कुशीत, जिथं खालचा थर पाणी अडवतो तिथं, झऱ्यातून ते सोडतो. आमच्या पूर्वजांनी वाड्या तिथंच वसवल्या. वर कुणाची मालकी आहे यावर खालच्या वाडीचं पाणी ठरतं, आणि वरची मालकी आता पुण्या-मुंबईच्या, कधी कधी त्याहून लांबच्या माणसाकडे आहे. सातबाऱ्यावर झऱ्याची नोंद नसते.

हा विषय आराखड्यात घाला म्हटल्यावर उत्तर आलं, "हे आपल्या अखत्यारीत येत नाही. जमीन महसूलकडे."

उत्तर खोटं नव्हतं. इथंच सगळी गोम आहे.

जमिनीचा वापर कोण ठरवतं? 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखालच्या प्रादेशिक योजना, नगररचना विभाग, बिनशेती करणारा महसूल विभाग. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनी बिनशेती करणं तर मुद्दाम सोपं करून ठेवलंय. घटनेतल्या जिल्हा नियोजन समितीनं पंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून पाणीवाटप, जागेचं नियोजन यांचा जिल्ह्याचा मसुदा करावा असं 243 झेडडी कलमात स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात ती समिती आपल्याला पेपरात भेटते ती पालकमंत्र्यांनी निधी किती आणला या बातमीत.

आणि 2024 च्या मार्चमध्ये तर कोकण किनारपट्टीवरची 13 विकास केंद्रं, त्यांतली 105 गावं, यांच्या नियोजनासाठी सरकारनं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं ते कुणाला? महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला. साताऱ्यात नव्या महाबळेश्वरच्या नावाखाली 235 गावांसाठी हेच झालं होतं. रस्ते बांधणाऱ्याला गावाचा नकाशा काढायला दिला की नकाशात आधी काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत मिळते, ती तीस दिवसांच्या हिशेबात. नकाशे तालुक्याला नाही तर जिल्ह्याला, भाषा तांत्रिक, रंगांचे अर्थ कळेपर्यंत मुदत संपते. एकाच गावाचे दोन आराखडे होतात. एक गावानं केलेला, पेव्हर ब्लॉकचा. दुसरा गावाबाहेर केलेला, जमिनीचा. पहिल्यासाठी प्रभातफेरी आणि दुसऱ्यासाठी राजपत्र.

असंच असतं सगळीकडे, असं म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडचं उदाहरण देतो. तिथं गावपातळीवर पॅरिश कौन्सिल असते. आपल्या ग्रामपंचायतीहून अधिकारानं बरीच दुबळी. पैसा थोडा, बाकं-बागा-स्मशानभूमी असली कामं. पण 2011 च्या लोकॅलिझम कायद्यानं त्यांना एक मोठी गोष्ट दिली. पॅरिशनं स्वतःच्या परिसराचा आराखडा लिहायचा, घरं कुठं, कशी, कुणासाठी, कुठली मोकळी जागा राखायची. लोकांच्या हरकती घ्यायच्या, स्वतंत्र परीक्षकाकडून तो तपासून घ्यायचा आणि मग गावात सार्वमत. मतदान करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हो म्हणाले की तो कायदेशीर नियोजनाचा भाग होतो. पुढं बांधकामाची परवानगी देताना वरच्या कौन्सिलला तो बाजूला सारता येत नाही, सारायचा तर सबळ कारण द्यावं लागतं.

पहिला असा आराखडा मंजूर झाला तो लंडनजवळच्या श्रीमंत गावाचा नव्हता. उत्तरेकडच्या कम्ब्रियातल्या अपर ईडन भागातल्या 17 पॅरिशनी मिळून केलेला. मेंढ्या, दगडी बांध, पाऊस, आणि गावात घर परवडत नाही म्हणून बाहेर पडणारी पोरं. आमच्यासारखंच, मेंढ्या सोडून. 7 मार्च 2013 ला सार्वमत झालं. मतदानाला साधारण एक तृतीयांश लोक आले आणि त्यांतले दहांतले नऊ हो म्हणाले. आराखड्याचा भर होता तो स्थानिक माणसाला आपल्याच शेतावर, आपल्याच गावात घर बांधता यावं यावर. कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हजमध्ये 2016 मध्ये लोक आणखी पुढं गेले. नवं बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच विकायचं, सुट्टीपुरत्या येणाऱ्याला नाही, असा नियम त्यांनी 83 टक्के मतांनी केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नियम टिकला.

मी इंग्लंडची आरती करत नाहीये. तिथल्या पॅरिशला वरच्या योजनेत ठरलेल्या घरांपेक्षा कमी घरं बांधू असं म्हणता येत नाही. नको म्हणायचा अधिकार नाही, कुठं आणि कसं एवढंच. जिथं निवृत्त वकील-वास्तुविशारद फुकट वेळ देतात तिथं आराखडे पटकन होतात, गरीब वस्त्यांत रखडतात. सेंट आइव्हजमध्ये नव्या घरांवर ही अट आल्यावर पैसेवाल्यांनी जुन्या घरांकडे मोर्चा वळवला अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. पण तिथल्या पॅरिशमध्ये एखादी बाई उठून "वरचा माळ बांधकामाला देऊ नका, खालचं पाणी जाईल" म्हणाली तर तिला अखत्यारीत येत नाही असं सांगून खाली बसवता येत नाही. तिचं म्हणणं नकाशावर जागा मागू शकतं.

मग आपल्याकडे हे जमेल का? गोव्यात जमत आलं होतं. म्हणून तो किस्सा जास्त बोचतो.

गोव्यात 2006 मध्ये प्रादेशिक आराखडा 2011 आला. त्यात हिरव्या जमिनी ज्या सपाट्यानं बांधकामाला खुल्या केल्या होत्या ते पाहून लोक रस्त्यावर उतरले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागं घ्यावा लागला. नंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृती दलानं आराखडा 2021 चा मसुदा केला आणि तो गावोगाव पाठवला. पंचायतींना नकाशे मिळाले. रविवारच्या ग्रामसभांत (गोव्यात ग्रामसभा रविवारी होते, ही एक गोष्ट आपण आजच उचलावी) लोक नकाशे पसरून बसले. हे शेत चुकीचं दाखवलंय, इथं खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) आहे, हा डोंगर उताराचा आहे, इथं झर आहे. गावांनी आपलं गाव सर्व्हे नंबरनिशी तपासलं. देशात अशी उदाहरणं फार थोडी असतील.

आणि पुढं? आराखडा अधिसूचित झाला, 2012 मध्ये सरकार बदललं, तो गुंडाळून ठेवला गेला. काही वर्षांनी बाहेर काढला तेव्हा त्याच्या भोवती कायद्यात नवनवी दारं पडायला लागली. 2023 मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम आलं, आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका जमिनीचा झोन बदलणारं. 2024 मध्ये 39ए कलम आलं, तेही झोन बदलण्याचंच. 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयानं 2025 मध्ये रद्द केले, पण तोवर कितीतरी जमिनींचा रंग बदलून झाला होता. गावानं वर्षभर बसून केलेला नकाशा, आणि तो बदलायला एका जमीनमालकाचा अर्ज पुरेसा. लोकांनी आराखडा करणं सोपं आहे. तो लोकांशिवाय बदलता येऊ नये, ही खरी मागणी. ती गोव्यात कायद्यात उतरली नाही म्हणून एवढ्या मेहनतीचं हे झालं.

गोव्याच्या अलीकडे, आपल्या सिंधुदुर्गात, 25 गावांच्या ग्रामसभांनी स्वतःहून ठराव केले होते की आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीनं 2011 च्या अहवालात त्यांची दखल घेतली. कोकणातल्या लोकांना पर्यावरण म्हणजे विकासाला विरोध वाटतो, असं टीव्हीवर ऐकलं की मला ही गावं आठवतात. ठराव गावांचे होते, दखल घ्यायला मात्र वर्षानुवर्षं कुणी तयार नव्हतं.

आपण ज्या गावांचे अभ्यासदौरे काढतो त्यांच्याकडेही जरा वेगळ्या नजरेनं बघा. हिवरे बाजारला जाऊन आपण गटारं आणि गुळगुळीत रस्ते बघून येतो. त्या गावानं बोअरच्या पाण्यावर शेती न करण्याचं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवण्याचं आणि बाहेरच्याला जमीन न विकण्याचं ठरवलं, ते त्या रस्त्यांच्या आधीचं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. त्या घोषणेमागं अभ्यासगट आहेत, सर्वसहमती होईपर्यंत थांबणाऱ्या सभा आहेत, 2009 मध्ये मिळालेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क आहे, आणि नंतर 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली जमिनीच्या खासगी मालकीवरच पाणी सोडण्याचा निर्णय आहे. आमच्या गावात हे होणार नाही. सामाईक सातबाऱ्यावर चुलतभावाची सही मिळवायची तर इथं दोन पिढ्या जातात! पण एवढं तर दिसतं ना, की जी गावं उभी राहिली त्यांनी आधी जमीन आणि पाण्याचं ठरवलं, पेव्हर ब्लॉकचं नंतर.

इथं एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढं जाण्यात अर्थ नाही. गाव म्हणजे कोण? ग्रामसभेत मतदार बसतो. आमच्याकडे जमिनीचा मालक बहुतेक वेळा चाकरमानी, त्याचं मत मुंबईत. तो गणपतीत येतो, मे महिन्यात येतो, घराला रंग काढतो आणि एजंटाला सड्याचा भाव विचारून जातो. उलट वर्षभर कलमांच्या बागा राखणारे नेपाळी गुरखे, चिरेखाणीवरचे कामगार, यांचं पाणी आमच्याच विहिरीचं, पण त्यांना सभेत खुर्ची नाही. जमिनी लुबाडल्या असं म्हणायला सोपं जातं. बहुतेक जमिनी आपल्याच माणसांनी, आपल्याच सहीनं विकल्या आहेत. मुलीचं लग्न, मुंबईतल्या खोलीचा हप्ता, म्हातारपणाचं ऑपरेशन. विकणाऱ्याला मी खलनायक म्हणणार नाही. बागायत परवडत नाही, वानर-डुकरं कणगी-वरी काही ठेवत नाहीत, तो काय करेल? पण त्यानं विकलेल्या सड्याखाली ज्यांचा झरा आहे त्यांना निदान आधी कळावं आणि बोलता यावं, एवढा हक्क त्यांचा आहे. चाकरमान्यांनाही माझं हेच सांगणं आहे. पाखाडीवर ग्रुपवर भांडता, तर सड्यावरही भांडा.

कायदा बदलायला वेळ लागेल. आज आहे त्या कायद्यात जे जमतं ते आम्ही येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. चावडीवाचन आपल्याला नवं नाही. गाव नमुना 6 म्हणजे फेरफारांची नोंदवही. वर्षभरात कुठल्या गटातली किती जमीन कुणाच्या नावावर गेली हे तलाठ्यांनी दर ग्रामसभेत वाचून दाखवावं, अशी आमची पहिली विनंती आहे. गुप्त काहीच नाही त्यात, फक्त आज ते कुणी वाचत नाही. दुसरं, शिवारफेरी कागदावर न करता खरोखर करायची आणि झरे, पऱ्ये (ओढे), पाणंदी, गुरांच्या वाटा, देवरहाटी (देवराया), कातळशिल्पं यांची गट नंबरनिशी यादी करून ती आराखड्याला जोडायची. शाळेतली नववी-दहावीची मुलं मोबाइलवर हे एका रविवारात करतील, मोठ्यांपेक्षा बरं करतील. या यादीला आज नगररचना विभाग बांधील नाही, हे मला माहीत आहे. पण उद्या प्रारूप आराखडा येईल तेव्हा हरकत लिहायला तीस दिवसांत पायपीट करायची की गावाच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत जोडायची, यात फरक आहे.

आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचं ठरलंय. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गावातल्या जमिनीचा झोन बदलू नये, असा ठराव जिल्हा नियोजन समितीत मांडाल का? हो किंवा नाही. "सकारात्मक विचार करू" हे उत्तर आम्ही नाही म्हणून धरणार.

विषयपत्रिकेत हे घ्यावं असा लेखी अर्ज सभेच्या आधी ग्रामपंचायतीत द्यायचा आहे. सह्या वाडीवार घेतोय. मुंबईकरांनी निदान आपल्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन करून सांगा, की सही करायची आहे आणि 26 तारखेला झेंडावंदन झाल्यावर घरी परतायचं नाही, सभेला बसायचं. चहाची व्यवस्था आम्ही करतो.